मोहझिऱ्याचं स्वावलंबन

राज्यात रेशन घेणाऱ्यांची संख्या दाखवणारी एक रेघ आहे. मुंबईत एका भिंतीएवढ्या पडद्यावर ती असते आणि तिच्यासमोर खुर्च्या मांडलेल्या असतात. दहा-बारा वर्षांत या रेघेने बरंच सोसलंय. आधी ती चढली, कारण कायदा आला. मग जरा बसली, कारण कार्डाला आधार जोडायला सांगितलं. साथीच्या दोन वर्षांत तर इतकी चढली की पडदा अपुरा पडला. पण तेव्हा बघणारे घरी होते. त्यानंतर ती उतरायला लागली आणि उतरणारी रेघ सगळ्यांना आवडते. रेघ चढली की ‘गरिबी वाढली का?’ असं विचारतात. उतरली की कोणी काही विचारत नाही, चहा येतो.

यंदा या उतारावर नंदुरबार जिल्हा सगळ्यांच्या पुढे होता. जिल्ह्यात नवापूर तालुका पुढे. तालुक्यात मोहझिरा हे गाव. तीनशे बारा कार्डांच्या या गावात एका तिमाहीत एक्केचाळीस कुटुंबांनी रेशन ‘स्वेच्छेने’ सोडलं होतं. मुंबईतल्या पॉश सोसायट्यांमध्येसुद्धा असा त्याग झाला नव्हता.

रेघेची देखभाल करायला जिल्ह्याला एक ‘धान्य कल कक्ष’ होता. कल म्हणजे रेघ कुठे झुकते आहे ते. कक्षाचे प्रमुख राजेंद्र भामरे, मूळचे शहाद्याकडचे, संख्याशास्त्र शिकलेले, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचं जाकीट घालणारे. मुंबईच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, “मॅडम, तोरणमाळचा घाट उतरावा तशी रेघ उतरली आहे.”

संचालक मॅडमना घाट आवडला. त्यांनी विचारलं, “कारण काय?”

कारण भामऱ्यांनी काढलेलं नव्हतं. त्यांनी रेघ काढली होती. पण समोर बावीस माणसं बसलेली, आणि पंख्याचा आवाज येत होता.

“स्वावलंबन,” भामरे म्हणाले.

हा शब्द त्यांनी स्वतःसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी तो लिहून घेतला. पंधरा दिवसांत पत्र आलं: नवापूरला ‘स्वावलंबन गौरव सोहळा’ घ्यावा, मॅडम स्वतः येतील, आणि स्वेच्छेने रेशन सोडणारी एक बोलकी, शक्यतो महिला, मंचावर असावी.

*

मोहझिऱ्याला रेशनचं दुकान अनीसभाईंचं. राहायला ते नवापुरात. पण त्यांच्या आजोबांनी गावात मीठ-तेलाचं दुकान टाकलं तेव्हापासून तिसरी पिढी या ओट्यावर बसते. गावातल्या कोणाच्या घरी किती तोंडं, कोणाचा जावई रुसलाय, कोणाला गुडघ्याचं दुखणं, हे अनीसभाईंना यादी न बघता सांगता येतं. शासनाला हे पुरत नाही, म्हणून शासनाने त्यांना मशीन दिलं. मशीनवर अंगठा ठेवला की माणूस तोच आहे हे शासनाला कळतं.

रूपीबाईचा अंगठा ठेवला की काही कळत नव्हतं.

रूपीबाई साठीची, विधवा, पिवळ्या कार्डाची. पिवळं कार्ड म्हणजे गरिबातल्या गरिबाचं, महिन्याला पस्तीस किलो. घरी ती आणि तिची एक मुकी बहीण. दोघींचं पोट त्या पस्तीस किलोवर, आणि वरचं मीठ-मिरची रूपीबाईच्या मजुरीवर. मजुरी हायवेवरच्या पोल्ट्रीत. शेड रिकामी झाली की धुवायची, घासायची, भिंतींना आणि जमिनीला चुना मारायचा. सोळा वर्षं चुन्याच्या बादलीत हात. चुन्याने शेड निर्जंतुक होते, आणि बोटंही. रूपीबाईचा अंगठा धुतलेल्या खापरासारखा गुळगुळीत झाला होता. त्यावर रेघच नव्हती.

“दाब मावशी,” अनीसभाई म्हणायचे.

“दाबतेय.”

“जोरात.”

“किती जोरात? फुटलं तर भरून कोण देईल?”

अनीसभाईंनी सगळे उपाय केले. अंगठा साबणाने धुतला, पदराला पुसला, दंतमंजनाने घासला, खोबरेल लावलं. रेंज नसेल म्हणून मशीन घेऊन दोघं चर्चमागच्या टेकाडावर गेले. तिथे रेंज आली, अंगठा आला नाही. मग उरलेली नऊ बोटं.

“अरे ती काय वेगळ्या बादलीत होती का?” रूपीबाई म्हणाली.

डोळ्याने ओळख पटवायचं एक मशीन जिल्ह्याला आलं होतं, पण ते खोक्यात होतं. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं.

तीन महिने असेच गेले. मग वरून आदेश आला: ज्यांची खात्री झाली नाही त्यांची नावं एकतीस तारखेच्या आत कमी करा, आणि प्रत्येकासमोर कारण निवडा. कारणं मशीनमध्ये तयार होती. निवडायची फक्त.

अनीसभाईंनी रूपीबाईला ओट्यावर बसवलं. “मावशी, चार कारणं आहेत. पहिलं, मृत.”

“कोण?”

“तू.”

“तुझ्यासमोर बसलेय ना मी?”

“म्हणूनच ते नाही घेत. तौबा. रोज दुकानासमोरून जातेस. जित्या माणसाला मेलेलं लिहिणारा हात कुठे ठेवू मी? दुसरं, दुबार. म्हणजे तुझी दोन कार्डं होती.”

“एक चालेना, आणि दोन?”

“चोरी लागते त्यात. तिसरं, स्थलांतरित. गाव सोडून गेलीस असं. पण ते लिहिलं तर तुझा घरकुलाचा नंबर जाईल.”

“अंगठा झिजला असं लिही की.”

“ते नाही यात.” अनीसभाईंनी खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं. “चौथं आहे, स्वेच्छेने. हे कानाला तरी बरं आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तुझ्या मनाने.”

“माझ्या मनाने काय?”

“ते पुढे नाही लिहिलेलं.”

अशा रीतीने रूपीबाईने रेशन सोडलं. त्या आठवड्यात त्याच ओट्यावर आणखी चाळीस जणांनी सोडलं: वीटभट्टीवाल्यांनी, ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्यांनी, आणि एका म्हाताऱ्याने, ज्याला अंगठाच नव्हता. आणि तालुक्यातले बाकीचे दुकानदारही अनीसभाईंसारखेच, वाडवडिलांपासून त्या त्या गावात बसणारे. समोर खोकत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मृत म्हणायला कोणाची जीभ रेटेना. सगळ्यांनी आपापलं, कोणाला न विचारता, सभ्य कारण निवडलं. राज्यातला सगळ्यांत मोठा त्याग हा असा, निव्वळ भिडेपोटी घडला.

*

बोलकी महिला शोधायला भामरे स्वतः मोहझिऱ्याला आले. सोबत फोटोवाला. गावच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे अब्राहामभाऊ यांनी त्यांना चर्चच्या ओसरीत बसवलं. अब्राहामभाऊ रविवारी शास्त्रपाठ वाचतात, आणि इतर दिवशी सरकारी पत्रं. दोन्ही सारख्याच गंभीरपणे वाचतात. पहिल्याचा अर्थ लागतो असं त्यांचं म्हणणं.

रूपीबाई पोल्ट्रीतून तशीच आली, कोपरापर्यंत पांढरी.

“रेशन बंद झाल्यापासून तुमच्या आहारात काही फरक?” भामऱ्यांनी वही उघडली.

“पडला ना साहेब. भात नाही.”

“मग काय घेता?”

“तडकलेली अंडी. विकायला जात नाहीत, मालक नेऊ देतो. सकाळी अंडं, संध्याकाळी अंडं. बहिणीला आता बघवत नाही. तोंड फिरवते.”

भामऱ्यांनी लिहिलं: ‘आहारातील प्रथिनांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ.’

“तांदळाशी मग अजिबात संबंध नाही?”

“आहे की. पिल्लांच्या शेडमध्ये खाली तूस पसरावं लागतं. भाताचंच असतं. पोती उतरवते मी.”

‘धान्याशी निगडित रोजगार,’ भामऱ्यांनी लिहिलं. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला असं काही ऐकलं की दुखतं, निदान सुरुवातीच्या वर्षांत. भामऱ्यांची बावीस वर्षं झाली होती. तरी त्यांनी पान उलटायला जरा वेळ लावला.

“साहेब, कार्ड कधी चालू होईल?” रूपीबाईने विचारलं.

खरं उत्तर ओसरीत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, फोटोवाल्यालासुद्धा. भामरे उठले, जाकीट सारखं केलं आणि म्हणाले, “नऊ तारखेला नवापूरला या. मुंबईच्या मोठ्या मॅडम येणार आहेत. मंचावर तुमची त्यांची समोरासमोर भेट होईल.”

“आणि कार्ड?”

“भेट होईल ना.”

रूपीबाईने अब्राहामभाऊंकडे पाहिलं. अब्राहामभाऊ म्हणाले, “मोठ्या माणसाची भेट होते आहे तर जा. शास्त्रात त्या विधवेने न्यायाधीशाचं दार सोडलं नाही, तेव्हा तिचं काम झालं.”

“तिच्याकडे अंगठा मागितला होता का?”

“त्या वेळी नव्हता मागत.”

*

सोहळा नवापूरच्या एका मंगल कार्यालयात झाला. आदल्या दिवशीच्या लग्नाची वधू-वरांची नावं मागच्या कापडावर तशीच होती. त्यावर फलक लावला होता, पण ‘चि. सौ. कां.’ एवढं वरून दिसत होतं. मंचाच्या एका बाजूला पडदा, पडद्यावर रेघ. दुसऱ्या बाजूला झेंडूची माळ घातलेलं खोकं. त्यात डोळ्यांचं मशीन. मॅडमनी फीत कापली, टाळ्या झाल्या, खोकं उघडलं, आणि चार्जर वेगळ्या खोक्यात असून ते खोकं नाशिकला राहिलंय असं कळल्यावर पुन्हा बंद केलं. उद्घाटन मात्र झालं.

भामऱ्यांनी रेघ समजावून सांगितली. “इथे, बघा, लाभार्थी अन्नासाठी शासनावर अवलंबून. इथे जागृती. आणि इथून,” त्यांनी काठी घाटावरून खाली आणली, “स्वावलंबन.”

मग रूपीबाईला वर बोलावलं. धुवट लुगडं, केसांना तेल, कोपरापर्यंत घासून घासून लाल केलेले हात. मागे तिसऱ्या रांगेत अनीसभाई, सकाळपासून घामाघूम. मॅडमनी शाल तिच्या खांद्यांवर टाकली, हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, “मावशी, हसा.”

मावशी हसली नाही. शालीचं टोक हातात धरून बघत राहिली.

“दोन शब्द बोला,” मॅडम प्रेमाने म्हणाल्या. मॅडम वाईट नव्हत्या. पहाटेच्या गाडीने आल्या होत्या आणि दुपारच्या गाडीने जाणार होत्या, एवढंच.

रूपीबाईने माइककडे न बघता मॅडमकडे बघितलं.

“बाई, आमच्यात माणूस मेलं की नात्यातले येऊन अंगावर कापड टाकतात. तुम्ही एवढ्या लांबून आलात, कापड टाकलं, बरं केलं. पण मी मेले नाही. अनीसभाई मेली लिहायला तयार होता का विचारा, तो नाही म्हणाला. मी काही सोडलं नाही. माझा अंगठा चुन्यात गेला, म्हणून तुमच्या मशीनने मला सोडलं. हे कापड घ्या, नारळ घ्या. माझे पस्तीस किलो द्या.”

मागे आचारी कढईत झारा हलवत होता तो ऐकू आला. मग सूत्रसंचालकाने, अनुभवी माणूस, माइक ओढला आणि म्हणाला, “किती ही विनम्रता! सत्कार स्वीकारतानाही परत करण्याची भाषा! जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. पावती म्हणून एक कागद पुढे आला: ‘शाल व श्रीफळ मिळाले.’ रूपीबाईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. गोल, काळा, आत एकही रेघ नसलेला ठसा. कारकुनाने तो फुंकून वाळवला आणि फाइलला लावला. शालीसाठी तो चालला.

*

मॅडमनी मात्र ऐकलं होतं. जेवणाआधी त्यांनी भामऱ्यांना वधूपक्षाच्या खोलीत बोलावलं. आत अनीसभाई, रूपीबाई आणि अब्राहामभाऊही. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “भामरे, बाईंचं काम झालं पाहिजे. आणि रेघ वर जाता कामा नये. मी ती पुढे पाठवलेली आहे.” मग त्या जेवायला गेल्या.

दार लागल्यावर भामऱ्यांची शुद्ध मराठी जाकिटासकट उतरली आणि घरची बोली बाहेर आली.

“अनीसभाई, हाई काय करी ठेवं तुम्हीन? माले वाटनं, लोके खरंच सोडी ऱ्हायनात!”

“तुमना यादीमा अंगठाना रकानाच नव्हता साहेब. मी काय करू?”

“मंग मृत लिखतास!”

“जित्ती बाईले?”

“कारण मृतले दुरुस्ती शे!” भामरे ओरडले, आणि स्वतःच चमकून थांबले. मग खुर्चीवर बसून, पुन्हा कार्यालयीन भाषेत, हळूहळू सांगू लागले. स्वेच्छेने सोडणाऱ्याला परत घ्यायचा अर्ज अस्तित्वात नाही. त्यागाला परतीचा रस्ता नसतो. पण नजरचुकीने मृत दाखवलेल्या माणसाला परत आणायचा अर्ज आहे, नमुना सात, आठ दिवसांत काम होतं. आणि त्याने रेघ चढत नाही. ती ‘दुरुस्ती’ या वेगळ्या तक्त्यात जाते, जो कोणी बघत नाही.

“म्हणजे,” अब्राहामभाऊंनी नीट समजून घेतलं, “आधी हिने मरायचं.”

“कागदावर.”

“आणि मग उठायचं.”

“आठ दिवसांत.”

“प्रभूला तीनच लागले होते.”

“त्यांचं नेटवर्क चांगलं असेल,” भामरे म्हणाले, आणि मग त्यांनाच लाज वाटली.

अनीसभाई मान हलवत होते. “हे नाही होणार माझ्या हाताने. आजोबांपासून मावशीच्या घराचा दाणा आमच्या ओट्यावरून गेलाय.”

“दाणा जात नाहीये आता,” रूपीबाई म्हणाली. “तूच सांग, गेल्या चार महिन्यांत गेला? मार मला. पण लवकर मार, बहीण अंड्याकडे बघत नाही.”

अनीसभाईंनी घरी जाऊन साबिराला विचारलं. बायकोला विचारल्याशिवाय त्यांनी कधी गव्हाचं पोतंसुद्धा फोडलं नव्हतं. साबिरा भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“जिवंत बाईला मेली लिहिलं तर गुनाह,” ती म्हणाली, “आणि जिवंत बाईला उपाशी ठेवलं तर सभ्यपणा. तुमचा हिशोब वरती कोण तपासणार आहे, भामरे का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अनीसभाईंनी हात-पाय धुतले, मशीन उघडलं, आणि डोळे मिटून कारण बदललं. समोर रूपीबाई बसली होती. “झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“काही वाटलं नाही.”

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली: मेलं की कार्ड परत मिळतं. संध्याकाळी ओट्यावर चाळीस जणांची रांग लागली, पुढे अंगठा नसलेला म्हातारा. “आधी मला मार,” तो सांगत होता, “माझं वय झालंय.” अनीसभाईंनी दोन दिवसांत सगळं आटोपलं. पहिल्या नावाला त्यांनी डोळे मिटले होते. विसाव्याला ते मधेच चहा प्यायले.

*

आठव्या दिवशी नमुना सात मंजूर झाला. भामऱ्यांनी शब्द पाळला होता. अनीसभाईंनी मशीनवर रूपीबाईचं नाव काढलं. हिरवी खिडकी आली: ‘दुरुस्ती स्वीकारली.’ ओट्यावर जमलेल्यांनी हुश्श केलं. मग दुसरी खिडकी आली.

‘व्यक्ती जिवंत असल्याची खात्री करा. अंगठा ठेवा.’

रूपीबाईने अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. तिने पुन्हा ठेवला.

“आता?” तिने विचारलं.

“आता तू मेलेलीच,” अनीसभाई म्हणाले. “आणि या वेळी माझ्या हाताने.”

भामऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, नमुना सातलाही अंगठा लागतो हे आपल्याला माहीत नव्हतं, आपण तो आजवर फक्त वाचला होता. डोळ्यांच्या मशीनचा चार्जर? चार्जर आला होता. पण मशीन आता उद्घाटनासाठी पुढच्या जिल्ह्यात गेलं होतं.

त्या महिन्यात रूपीबाईने दोन शेड जास्तीच्या घेतल्या. चुन्याने बोटांना भेगा पडल्या. अंडी बंद करून तिने ज्वारी उसनी आणली, आणि बहिणीला भरवून झाल्यावर भगुण्यात काही उरलंय का बघायची. बहीण आता उठून बसेना. अब्राहामभाऊंनी रविवारी मंडळीत दोन्ही बहिणींसाठी प्रार्थना केली. पण एकीसाठी जिवंतांत करावी की गेलेल्यांत, यावर त्यांनी क्षणभर विचार केला असं म्हणतात.

इकडे मुंबईत रेघ जागची हलली नाही, पण तिच्या शेजारची दुसरी, मृत्यूंची रेघ उभी झाली. एका गावात एका महिन्यात एक्केचाळीस मृत्यू. पडद्यासमोरच्या खुर्च्या पहिल्यांदाच सरकल्या. तातडीने एक पथक मोहझिऱ्याला पाठवलं: दोन डॉक्टर, नमुन्यांच्या बाटल्या, पांढरे हातमोजे.

तरुण डॉक्टराने यादी काढली आणि ओट्यावर बसलेल्या बाईला विचारलं, “मयत रूपीबाई यांना शेवटी ताप होता का?”

“ताप नव्हता,” रूपीबाई म्हणाली. “अंगठा नव्हता.”

“तुम्ही कोण?”

“तीच.”

अब्राहामभाऊंनी मग त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही पायरी न गाळता. डॉक्टराने नीट ऐकलं. तो भला पोरगा होता. “काका, मला पटतंय,” तो म्हणाला, “पण आमच्या तक्त्यात फक्त मृत्यूचं कारण आहे. मृत्यू झालाय की नाही हा रकाना नाही.” त्याने तीन विहिरींचं पाणी घेतलं आणि कारणापुढे ‘तपासाधीन’ लिहिलं. जाताना रूपीबाईच्या बहिणीची नाडी बघितली, आणि खिशातली बिस्किटं तिच्या उशाशी ठेवली. तेवढी नोंद कुठेच झाली नाही.

पथकाचा अहवाल गेला, आणि शासन हललं. हवं तेव्हा हलत नाही, पण हललं की ट्रक येतो. ‘मोहझिरा दुर्घटनेतील मयतांच्या वारसांना तातडीचे साहाय्य: प्रत्येकी पस्तीस किलो धान्य, तीन महिने.’ निकड असल्यामुळे मशीनची अट शिथिल केली होती. शाईचा अंगठा चालणार होता.

ट्रकाबरोबर भामरे आले. उतरल्यावर त्यांनी ओट्याकडे बघितलं. एक्केचाळीस मयत रांगेत उभे होते, पिशव्या घेऊन. रूपीबाई पुढे. तिने शाल आणली होती, धान्य बांधायला.

भामरे तिच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मावशी, आते काई बोलू नका.”

“मी काय बोलणार साहेब? मी गेलेली.”

रजिस्टर उघडलं. मयताचं नाव: रूपीबाई. वारसाचं नाव: भामऱ्यांनी क्षणभर पेन उचलून धरलं, मग तिथेही रूपीबाई लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘मयताशी नाते’. भामरे बावीस वर्षं रकाने भरत होते. इतका वेळ त्यांना कधी लागला नव्हता. मागून म्हातारा म्हणाला, “लिहा ना साहेब, उन्हात उभे आहोत.”

“काय लिहू मावशी?”

“लिहा, जवळचं.”

भामऱ्यांनी ‘जवळचे’ लिहिलं, आणि पुढच्या चाळीस जणांपुढे तेच लिहिलं. रूपीबाईने अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला. गोल, काळा, कोरा. कोणी काही विचारलं नाही.

अनीसभाईंनी स्वतः काटा धरला. पस्तीस किलो तांदूळ शालीवर ओतला, वर मूठभर जास्तीचा, आणि चारी टोकांची गाठ मारली. “मावशी, तीन महिन्यांनंतर काय?”

“तीन महिन्यांनी बघू. बहीण आज जेवेल.” ती खाली बसली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गाठोडं दोन्ही हातांनी धरलं. ते हललं नाही. महिनाभरात तिची ताकद बरीच कमी झाली होती. तिने वर बघितलं.

“मेलेल्याला चौघं खांदा देतात अनीसभाई,” ती म्हणाली. “तू निदान एक हात लाव.”